ब्रशने घेतलेल्या पेशी आणि कापून घेतलेला तुकडा

गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतो. दाताचे डॉक्टर ‘ब्रश बायोप्सी’ करतात, रिपोर्ट चांगला येतो आणि घरचे नातेवाइकांना कळवून टाकतात, ‘बायोप्सी झाली, कॅन्सर नाही.’ बायोप्सी म्हणजे एरवी संशयित जागेचा तुकडा कापून तपासणं, ब्रशने नुसत्या पेशी येतात; म्हणून यातलं पहिलं विधान जेमतेम अर्धं खरं आहे आणि दुसरं त्यावरून काढताच येत नाही.

ब्रशच्या तपासणीत ताठ केसांचा बारीक ब्रश चट्ट्यावर दाबून गोल फिरवतात, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. रक्त दिसणं इथे चूक नव्हे, खूण आहे. तोंडाच्या अस्तराचे अनेक थर असतात, बिघाड बहुधा तळाच्या थरातून सुरू होतो आणि नुसतं वरवर पुसलं तर झडायला आलेल्या पेशीच हाती लागतात. निघालेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भूल लागत नाही, टाका लागत नाही, माणूस लगेच कामावर जातो.

तुकड्याच्या तपासणीत सुई देऊन ती जागा बधिर करतात आणि चट्ट्याच्या किंवा जखमेच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा खोलीसकट काढतात. जखमेचा मधला भाग शक्यतो टाळतात, कारण तिथे बऱ्याचदा मेलेल्या पेशींशिवाय काही नसतं. तुकडा फॉर्मेलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावाच्या) बाटलीतून लॅबमध्ये जातो, तिथे मेणात बसवून त्याचे अतिपातळ काप करतात. म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. तोंडात थोडे दिवस चुरचुरतं आणि तिखट बंद ठेवावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

खरा फरक कापण्या-न कापण्याचा नाहीच. मळणी करून आणलेले दाणे पाहून दाणा किडका आहे का हे सांगता येईल, पण तण बांध ओलांडून शेजारच्या शेतात गेलं का, हे उभं शेत पाहिल्याशिवाय कळणार नाही. अस्तराच्या तळाशी असाच एक पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्याच्या वरच आहेत तोवर त्याला कॅन्सरची पूर्वावस्था म्हणतात, पडदा फोडून खाली उतरल्या की कॅन्सर. ब्रशमध्ये पेशी सुट्या येतात, बांध येत नाही. बिघाड सौम्य, मध्यम की तीव्र हेही तो थरांत किती वरपर्यंत पोचला यावरून ठरतं. थरच विस्कटले तर ठरवणार कशावरून? त्यामुळे ब्रशच्या रिपोर्टमध्ये संशयास्पद पेशी आल्या तरी पुढे तुकडा घ्यावाच लागतो. आणि चट्टा मोठा असेल, ब्रश नेमका चांगल्या भागावर फिरला असेल, तर रिपोर्ट चांगला येऊनही रोग आत राहू शकतो.

अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०१७ मध्ये याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली: चट्टा किंवा जखम पाहूनच संशय येत असेल तर ब्रशमध्ये वेळ न घालवता तुकडाच घ्यावा. रुग्ण तुकड्याला तयारच नसेल, तर त्याला पटवण्यासाठी ब्रशचा उपयोग करावा. हे मला पटतं. आपल्याकडे ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही भीती इतकी मुरलेली आहे की माणसं महिनोन्महिने मलम लावत बसतात. तोंडातला तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. त्या वाया गेलेल्या महिन्यांत मात्र तो वाढतो. अशा घाबरलेल्या माणसाला ब्रशच्या वाटेने दवाखान्यात टिकवून ठेवता आलं, तर ब्रशचं काम झालं.

खर्रा किंवा सुपारीने ज्यांचं तोंड आखडलंय, दोन बोटंही आत जात नाहीत, त्यांच्या बाबतीत ब्रशचा मोह आणखी होतो. ब्रश आत पोचतो हे खरं, पण तिथेही निकाल तुकड्याचाच.

गंमत म्हणजे, जीव वाचवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा या दोन्हींच्या आधीच्या पायरीचा आहे: टॉर्च आणि डोळे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी लोकांची तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. संशय आला त्यांना पुढे डॉक्टरांकडे पाठवत होते, अर्थात.

घशाचं गणित वेगळं. स्वरयंत्रापर्यंत टॉर्च पोचत नाही; नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहतात आणि संशय आला तर दुर्बिणीतूनच, बऱ्याचदा पूर्ण भूल देऊन, तुकडा घेतात. मानेत गाठ असेल तर मात्र उलट: आधी बारीक सुईने पेशी ओढून तपासतात, गाठ कापायची घाई करत नाहीत. तिथे सुट्या पेशींनीही बरंच भागतं, कारण गाठीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या याचाच अर्थ त्या मूळ जागेहून निघून मानेपर्यंत आल्या आहेत. मग मूळ जागा शोधायची आणि तिचा तुकडा घ्यायचा.

तुकड्याचा रिपोर्टही कधी चुकतो. कड नीट आली नसेल किंवा तुकडा फार वरवरचा असेल तर ‘कॅन्सर नाही’ लिहून येतं, आणि जखम तशीच राहते. अशा वेळी डॉक्टर दुसरा तुकडा मागतात, तो द्यावा.