पट्टकृमीची पुटी आणि यजमानाची प्रतिकारशक्ती

टीनिया सोलियम हा पट्टकृमी डुक्कर आणि माणूस अशा दोन यजमानांत (ज्यांच्या शरीरात परजीवी राहतो अशा जिवांत) आपले जीवनचक्र पूर्ण करतो. पुटी, म्हणजे कृमीच्या अळीच्या द्रवाने भरलेल्या लहान पिशव्या, असलेले डुकराचे मांस कच्चे राहिले, तर ते खाणाऱ्याच्या आतड्यात काही मीटर लांबीचा प्रौढ कृमी वाढतो आणि बहुधा फारसा त्रासही देत नाही. धोका त्याच्या अंड्यांत आहे. विष्ठेवाटे बाहेर पडलेली अंडी हात, पाणी किंवा न धुतलेल्या भाजीतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. त्यांतले भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायू, डोळे आणि मेंदूत पोहोचतात व तेथे द्रवाने भरलेल्या पुटी बनतात. मेंदूतील या विकाराला न्यूरोसिस्टीसर्कोसिस म्हणतात. तो जन्मभर मांस न खाल्लेल्या माणसालाही होतो, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

जिवंत पुटी वर्षानुवर्षे लक्षणाविना राहू शकते. भारतात चाकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांत १९३० च्या दशकात या रोगाचा पाठपुरावा झाला. त्यांपैकी अनेकांना पहिली फिट परतल्यानंतर काही वर्षांनी आली होती. एवढा काळ प्रतिकारशक्तीने परक्या जिवाला कसे चालवून घेतले, हा या रोगातला मुख्य प्रश्न आहे.

कृमी सर्वांत दुबळा असतो तो भ्रूणावस्थेत. प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) आणि त्यांना साथ देणारी रक्तातील पूरक प्रथिने (कॉम्प्लिमेंट) मिळून भ्रूणाला सहज मारतात, पण पहिल्याच संसर्गात पुरेशी प्रतिपिंडे तयार होईपर्यंत भ्रूणाची पुटी झालेली असते. डुकरांसाठीची टीएसओएल-१८ ही लस याच दुबळ्या टप्प्यावर बेतलेली आहे: तिच्यामुळे प्रतिपिंडे आधीपासूनच तयार असतात. ती मेलबर्न विद्यापीठात विकसित झाली आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने बाजारात आणली.

पुटी एकदा बनली की ती अनेक बाजूंनी आपला बचाव करते. तिचे पॅरामायोसिन हे प्रथिन पूरक प्रथिनांच्या साखळीतील पहिल्याच घटकाला, म्हणजे सी१क्यूला, चिकटते आणि साखळी पुढे सरकत नाही. टीनियास्टॅटिन हे दुसरे प्रथिन पूरक प्रथिनांबरोबर लसिकापेशींच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) वाढीलाही आवर घालते. पुटीच्या पृष्ठभागावर आणि आतल्या द्रवातही यजमानाचीच प्रतिपिंडे सापडतात. तिच्यावर चालून आलेली ही प्रथिने ती आत घेऊन पचवत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. शिवाय प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. त्यांच्याशी निगडित इंटरल्यूकिन-१० सारखे संदेशरेणू दाह दाबून ठेवतात. टीनिया क्रासिसेप्स या जवळच्या जातीचा संसर्ग दिलेल्या उंदरांत सुरुवातीचा आक्रमक प्रतिसाद काही आठवड्यांत ओसरतो आणि कृमीला मानवणारा, टी-सहायक-२ प्रकारचा प्रतिसाद वरचढ होतो.

पुटी म्हातारी झाली किंवा औषधाने मरू लागली की हा बंदोबस्त ढासळतो. आतली प्रथिने बाहेर झिरपतात. लसिकापेशी, इओसिनोफिल आणि भक्षकपेशी या प्रतिकारपेशी तेथे जमतात, भोवतालच्या मेंदूला सूज येते आणि फिट येते. म्हणजे रुग्णाला जो त्रास होतो, त्यातला मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा असतो. भारतात अशा रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा एकच लहान गाठ दिसते. पूर्वी ती क्षयाची समजून क्षयाची औषधे दिली जात. १९८० च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अशा काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच पट्टकृमीच्या निघाल्या. त्या निष्कर्षाने कितीतरी रुग्णांची महिनोन्‌महिन्यांची अनावश्यक औषधे वाचवली. अशा कित्येक गाठी काही महिन्यांत आपोआप विरतात.

उपचाराची आखणीही याच जाणिवेतून होते. अल्बेंडाझोल किंवा प्राझिक्वांटेल पुटी मारते, पण मरणाऱ्या पुटीभोवती दाह भडकतो, म्हणून सोबत स्टेरॉइड देतात. मेंदूभर असंख्य पुटी असून तीव्र सूज असेल, तर कृमिनाशक दिलेच जात नाही. आधी सूज उतरवतात. डोळ्यात पुटी नाही ना, हेही औषधापूर्वी पाहतात, कारण तिथला दाह दृष्टी घेऊ शकतो. अंगात जंत असतील म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या घेणे अशा रुग्णाला फार महागात पडू शकते.

एकाच्या मेंदूत अनेक पुटी असूनही लक्षणे नसतात आणि दुसऱ्याला एका पुटीने फिट येतात, हा फरक काही अंशी आनुवंशिक आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांना जंतूंची चाहूल घेणाऱ्या टोल-सदृश ग्राहक-४ या प्रथिनाच्या जनुकातील काही बदल लक्षणे असलेल्या रुग्णांत अधिक आढळले. मेलेल्या पुटीचा पुढे चुन्याचा खडा होतो. तरी त्यातली प्रथिने अधूनमधून प्रतिकारपेशींच्या नजरेस येत असावीत: खड्याभोवती पुन्हा सूज येते आणि कृमी मरून वर्षे लोटल्यावरही फिट येऊ शकते.