गर्भाला वेदना होतात का? एका वादाची पार्श्वभूमी

गर्भपाताच्या कायद्यांविषयी चर्चा सुरू झाली की ‘गर्भाला वेदना होतात’ हे विधान कोणी ठामपणे करतो आणि कोणी तितक्याच ठामपणे फेटाळतो. परंतु या प्रश्नाची वैद्यकीय मुळे गर्भपाताच्या वादात नसून नवजात बालकांच्या शस्त्रक्रियागृहात आहेत, हे फारसे सांगितले जात नाही. ती मुळे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद नीट कळत नाही, म्हणून आरंभ तिथूनच करायला हवा.

विसाव्या शतकाचा बराच काळ वैद्यकशास्त्रात असा समज रूढ होता की, नवजात बाळाच्या, विशेषतः अकाली जन्मलेल्या बाळाच्या, चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण पूर्ण तयार झालेले नसल्यामुळे त्याला खऱ्या अर्थाने वेदना जाणवत नाहीत. वेदनेचे संदेश वाहणारे अनेक तंतू प्रौढ माणसातही मायलिनविनाच असतात, त्यामुळे हा युक्तिवाद मुळातच लंगडा होता. तरीही १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अशा बाळांवर मोठ्या शस्त्रक्रिया केवळ स्नायू शिथिल करणारे औषध आणि नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भूल देणारा वायू देऊन केल्या जात. त्यामागे डॉक्टरांचा निर्दयपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रभावी भूल दिल्यास इतक्या लहान जिवाचा श्वास किंवा रक्तदाब कोसळेल, ही भीती त्या काळात खरी होती. मात्र स्नायू शिथिल केलेले बाळ रडू शकत नाही आणि हातपायही हलवू शकत नाही, त्यामुळे त्याला काय होत आहे हे कोणाला दिसण्याची सोयच उरत नसे.

ही स्थिती बदलण्यात तेव्हा ऑक्सफर्ड येथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ कंवलजीत आनंद यांचा मोठा वाटा आहे. शस्त्रक्रियेनंतर परत येणाऱ्या बाळांची प्रकृती इतकी का ढासळते, हा प्रश्न त्यांना पडला. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या अकाली बाळांपैकी काहींना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामक दिले गेले आणि काहींना नाही. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फेंटॅनिल न मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाच्या संप्रेरकांची मोठी उसळी दिसली आणि त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही अधिक आढळली. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल व वेदनाशामके द्यावीत अशी भूमिका घेतली. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत निर्विवाद आणि सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे. त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आनंद यांनी एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या आढाव्याच्या शीर्षकात मात्र नवजात अर्भकाच्या जोडीला ‘गर्भ’ हा शब्दही होता, आणि पुढे राजकारणाने नेमका तोच उचलला.

राजकारणात हा विषय त्याआधीच उतरला होता. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी धार्मिक प्रसारकांच्या एका मेळाव्यात, गर्भपाताच्या वेळी गर्भाला अनेकदा दीर्घ आणि तीव्र वेदना होतात, असे विधान केले. अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या दाव्याला कोणताही पुरावा नसल्याचे लगेच सांगितले. त्याच वर्षी ‘द सायलेंट स्क्रीम’ या चित्रफितीत बारा आठवड्यांच्या गर्भाची सोनोग्राफी दाखवून, तो गर्भपाताच्या उपकरणापासून दूर सरकतो आणि किंचाळल्यासारखे तोंड उघडतो, असे निवेदन करण्यात आले. हालचाल दिसली म्हणजे अनुभव आहे, असे हे अनुमान होते. वास्तविक १९३०च्या दशकापासून पिट्सबर्ग येथे डेव्हनपोर्ट हूकर यांनी केलेल्या चित्रणांवरून, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतही तोंडाभोवती स्पर्श झाल्यास गर्भ हालचाल करतो, हे ज्ञात होते; परंतु अशा प्रतिक्षिप्त क्रियेला मेंदूच्या वरच्या स्तरांची गरज नसते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग तिच्यासाठी पुरेसा असतो.

इथूनच शास्त्रीय वादाचा खरा पेच सुरू होतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव आहे. ऊतींना इजा होऊन संदेश निघणे ही त्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. १९९४ मध्ये लंडनमधील निकोलस फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उपचारासाठी गर्भाच्या यकृतातील शिरेत सुई घातल्यावर कॉर्टिसॉल आणि बीटा-एन्डॉर्फिन ही ताणाशी संबंधित संप्रेरके वाढतात, असे दाखवले आणि पुढे फेंटॅनिल दिल्यास ताणाची प्रतिक्रिया कमी होते हेही नोंदवले. गर्भाचे शरीर इजेला प्रतिसाद देते, याबद्दल त्यामुळे शंका उरली नाही. परंतु हा संप्रेरकांचा प्रतिसाद जाणिवेविनाही घडू शकतो, त्यामुळे ‘अनुभव’ सिद्ध झाला असे मानायला अनेक तज्ज्ञ तयार नव्हते. त्यांच्या मते थॅलॅमस या संवेदनांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतील भागापासून मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरापर्यंत, जाणारे तंतू जोडले गेल्याखेरीज अनुभव संभवत नाही, आणि ही जोडणी साधारण २३ ते ३० आठवड्यांच्या दरम्यान होते. गर्भाशयातील रासायनिक वातावरण गर्भाला जवळजवळ सतत झोपेसारख्या अवस्थेत ठेवते, हाही मुद्दा काही संशोधकांनी मांडला आहे.

ब्रिटनमध्ये प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने या पुराव्याचा तीनदा आढावा घेतला. १९९७च्या अहवालात २६ आठवड्यांपूर्वी जाणीव शक्य नाही असे म्हटले होते, २०१०च्या अहवालात ही रेषा २४ आठवड्यांवर आली, तर २०२२ मध्ये २८ आठवड्यांपूर्वी वेदनेची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष निघाला. एकाच संस्थेचे आकडे असे पुढेमागे झाले याचा अर्थ विज्ञान डळमळीत आहे असा नाही; एका हळूहळू घडणाऱ्या विकासावर आठवड्याची तीक्ष्ण रेघ ओढणे किती अवघड आहे, हे त्यातून दिसते.

अमेरिकेत मात्र ही रेघ आधी कायद्याने ओढली. २०१० मध्ये नेब्रास्का राज्याने, गर्भाला वेदना होतात या आधारावर, फलनानंतर २० आठवड्यांपुढील गर्भपातावर बंदी घातली आणि नंतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. इथे मोजणीतला फरक लक्षात घ्यायला हवा: डॉक्टर सहसा शेवटच्या मासिक पाळीपासून आठवडे मोजतात, त्या हिशेबाने ही मर्यादा २२ आठवडे होते. १९७३चा ‘रो विरुद्ध वेड’ आणि १९९२चा ‘केसी’ हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकेल त्या टप्प्यापूर्वी, म्हणजे साधारण २४ आठवड्यांपूर्वी, गर्भपातावर बंदी घालू देत नव्हते. त्या टप्प्याच्या थोडे अलीकडे नवी रेषा आखायची तर नवे कारण हवे होते, आणि ते कारण वेदनेने पुरवले. त्यामुळे २० हा आकडा विज्ञानातून जितका आला तितकाच न्यायालयीन रणनीतीतूनही आला, असे मला स्पष्टपणे वाटते. त्याच स्वरूपाचे विधेयक अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात २०१३, २०१५ आणि २०१७ मध्ये मंजूर झाले, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

दुसऱ्या बाजूचे वर्तनही तपासून पाहायला हवे. २००५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात, तिसऱ्या तिमाहीपूर्वी वेदनेची जाणीव असण्याची शक्यता कमी आहे, असा बहुचर्चित आढावा प्रसिद्ध झाला. लेखकांपैकी एक गर्भपात केंद्राशी आणि दुसरी व्यक्ती पूर्वी गर्भपात-हक्क संघटनेशी संबंधित होती, हे लेखात जाहीर न केल्याबद्दल तीव्र टीका झाली. पुराव्याचे मोल लेखकाच्या नोकरीवरून ठरत नाही. पण इतक्या तापलेल्या विषयात ही माहिती वाचकाला आधीच द्यायला हवी होती.

म्हणूनच २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये आलेला स्टुअर्ट डर्बीशायर आणि जॉन बॉकमन यांचा लेख मला विशेष महत्त्वाचा वाटतो. डर्बीशायर गर्भपाताच्या हक्काचे समर्थक, बॉकमन विरोधक. शिवाय गर्भाला वेदना होत नाहीत असे डर्बीशायर यांनीच पूर्वी हिरिरीने मांडले होते. दोघांनी मिळून असे म्हटले की, आत्मभान नसलेला, निव्वळ क्षणिक असा वेदनेचा एखादा प्रकार १२ आठवड्यांपासूनही शक्य असू शकतो. अनेक तज्ज्ञांना हे पटलेले नाही, आणि रॉयल कॉलेजने दोनच वर्षांनी उलट दिशेचा निष्कर्ष काढला.

२४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ आणि ‘केसी’ हे दोन्ही निकाल रद्द केले. राज्यांच्या वैध हितसंबंधांची यादी देताना निकालात गर्भाची वेदना कमी करण्याचाही उल्लेख आहे, पण निकाल त्यावर आधारलेला नाही. गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीपासून बंदी घालण्याची मुभा मिळाल्यावर अनेक राज्यांना २० आठवड्यांच्या रेषेची आणि तिच्यामागच्या वेदनेच्या युक्तिवादाची गरजच उरली नाही. गर्भावर थेट शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यकीय पथकांपुढे मात्र वेदनाशामक कधी आणि किती द्यायचे, हा प्रश्न निकालाच्या आधी होता तसाच आजही आहे.