कर्नल तोच, मग अ‍ॅप का उघडत नाही?

‘अँड्रॉइड म्हणजे लिनक्सच की! मग लिनक्स टॅबलेटवर अँड्रॉइडची अ‍ॅप्स चालायला अडचण कसली?’ ओपन सोर्सची आवड असणारेही हे नेहमी विचारतात. पहिलं वाक्य खरं आहे, दोघांचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला प्रणालीचा गाभा, लिनक्सचाच. पण अँड्रॉइडचं अ‍ॅप नुसत्या कर्नलच्या भरवशावर लिहिलेलं नसतं.

पाइन६४ चा पाइनटॅब२ घ्या. २०२३ मध्ये आलेला, आरके३५६६ चिपचा, थेट लिनक्सवर चालणारा टॅबलेट. त्यावर एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल, नुसती पडून राहते. तिला एआरटी हे अ‍ॅपचा कोड चालवणारं अँड्रॉइडचं इंजिन हवं, बायॉनिक ही अँड्रॉइडची स्वतःची सी लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूलभूत कामांचा तयार कोड) हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाइंडर हवा: चालू प्रोग्रॅममध्ये निरोपांची ने-आण करणारी कर्नलमधली सोय.

बाइंडरवर जरा थांबू, कारण अँड्रॉइडची खरी करामत तिथेच आहे. फोटो काढणारं अ‍ॅप स्वतः कॅमेऱ्याला हात लावत नाही; ते काम वेगळ्या प्रोसेसमधली (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममधली) कॅमेरा सर्व्हिस करते. एका प्रोसेसला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही, म्हणून मागणी कर्नलमार्फत जाते. साध्या पाइपमधून (दोन प्रोसेस जोडणाऱ्या लिनक्सच्या नेहमीच्या वाटेने) पाठवलेला डेटा दोनदा कॉपी होतो: आधी कर्नलमध्ये, मग तिथून घेणाऱ्याकडे. बाइंडरमध्ये घेणारी प्रोसेस मेमरीची एक जागा आधीच मॅप करून ठेवते. कर्नल डेटा थेट त्या जागेत उतरवतो, म्हणजे एकच कॉपी. शिवाय मागणी कोणाची, हे अ‍ॅपला विचारलंच जात नाही. इन्स्टॉल होताना प्रत्येक अ‍ॅपला मिळालेला यूआयडी हा ओळख क्रमांक कर्नल स्वतः त्या मागणीला जोडतो. त्यामुळे अ‍ॅपला तिथे खोटं नाव सांगता येत नाही, आणि कॅमेऱ्याची परवानगी तपासायला भक्कम आधार मिळतो. मला हे फार देखणं वाटतं.

वेड्रॉइड हे लिनक्सवर अँड्रॉइडची अ‍ॅप्स चालवणारं सॉफ्टवेअर नेमका बाइंडरचाच उपयोग करतं. लिनेजओएस या अँड्रॉइडच्या मुक्त आवृत्तीवर आधारलेलं अख्खं अँड्रॉइड ते एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्सच्याच आत वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, त्याच कर्नलवर चालवतं. हा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, नव्हे. पाइनटॅब२ सारख्या एआरएम प्रकारच्या चिपवर एआरएमचं अ‍ॅप थेट चालतं. इंटेलच्या टॅबलेटवर मात्र फक्त एआरएमसाठी बांधलेल्या लायब्ररी असल्या की मध्ये भाषांतराचा थर लागतो आणि वेग घटतो. बाइंडर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये असला, तरी लिनक्सची काही वितरणं (तयार आवृत्त्या) तो बंद ठेवून कर्नल बांधतात. अशा कर्नलवर वेड्रॉइड सुरूच होत नाही. ‘ही एपीके टाका, कुठल्याही टॅबलेटवर सगळं चालेल’ असे फॉरवर्ड फिरतात, त्यांवर मुळीच विश्वास ठेवू नका. कर्नलमध्ये नसलेली सोय एपीके आणून देऊ शकत नाही.

एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या भांडारातली अ‍ॅप्स गूगलच्या सेवांवर विसंबून नसतात, म्हणून ती बहुतेक सुरळीत चालतात. बँकांच्या अ‍ॅप्सचं वेगळं. त्यांतली बरीच ‘प्ले इंटिग्रिटी’ या गूगलच्या तपासणी सेवेकडून उपकरण प्रमाणित असल्याची खात्री करून घेतात. कंटेनरमधल्या अँड्रॉइडकडे ते प्रमाणपत्र नसतं, मग अ‍ॅप उघडतं आणि लॉगिनच्या आधीच नकार देतं. तांत्रिकदृष्ट्या ते चालू शकलं असतं, तरीही. माझ्या मते हा निर्णय टॅबलेटच्या मालकाच्या हातात असायला हवा.