बायोचार: पोतं फोडण्याआधी एवढं वाचा

कापूस संपला की पऱ्हाटी उपटायची, बांधावर ढीग लावायचा आणि काडी ओढायची. उरल्यासुरल्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी मरावी म्हणून हे करावंच लागतं. पण त्या जाळात जवळपास सगळा कार्बन धूर होऊन हवेत जातो. तीच पऱ्हाटी आम्ही कमी हवेच्या भट्टीत भाजतो आणि वेळेवर पाणी मारून विझवतो. अळी तिथेही मरते, पण निम्म्याच्या आसपास कार्बन कोळशात राहतो. हा कोळसा म्हणजेच बायोचार. तो शेणखतासारखा दोन-तीन हंगामांत कुजत नाही, त्यातला बराचसा भाग शेकडो वर्षं मातीत टिकतो. मातीत राहिलेला १ किलो कार्बन म्हणजे हवेत न गेलेला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड.

दुसरा मुद्दा युरियाचा. खत टाकलं, वर जोराचा पाऊस झाला, सऱ्या तुंबल्या की मातीतली हवा कोंडते आणि जिवाणू नत्राचा नायट्रस ऑक्साइड करतात. हवा तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी. शिवाय ते तुम्ही पैसे देऊन आणलेलं नत्र! बायोचारच्या छिद्रांत अमोनियम, म्हणजे नत्राचंच एक रूप, धरून राहतं, माती मोकळी राहते आणि उडणाऱ्या नत्राचा जास्त वाटा साध्या, निरुपद्रवी नत्रवायूच्या रूपात जातो.

किती फरक पडतो? प्रयोगशाळेत नायट्रस ऑक्साइडमधली घट निम्म्यापर्यंत दिसली आहे. शेतात ती बरीच कमी असते, कुठे कुठे दिसतही नाही. आम्ही माल विकतो म्हणून आकडा फुगवणार नाही. आम्लधर्मी, हलक्या जमिनीत, म्हणजे कोकणातल्या जांभ्या मातीसारख्या ठिकाणी, बायोचार जास्त उठून दिसतो. काळ्या कसदार जमिनीचा सामू (पीएच) आधीच वर असतो आणि बायोचारही अल्कधर्मीच. सामू साडेआठच्या पुढे असेल तर आमच्याकडून घेऊ नका, आधी माती परीक्षण करा.

कोरडा बायोचार थेट शेतात टाकू नका. रिकामी छिद्रं आधी मातीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं; मग दोष कोळशाला! शेणखत किंवा गांडूळखतात निम्मं-निम्मं मिसळा, शेणस्लरी शिंपडून सावलीत दोन-तीन आठवडे मुरू द्या. मिश्रण ओलसर हवं, पाणी गळेल इतकं नको. सगळ्या रानात फेकण्यापेक्षा पेरणीआधी ओळीत टाकून मातीआड करा, थोड्यात भागतं. पहिल्या वर्षी काही ओळी बायोचारविना सोडा, फरक तुमचा तुम्हालाच कळेल. आणि हे खत नव्हे, शेणखत बंद करू नका.

कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे हवेत न गेलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या दाखल्याबद्दल, सगळेच विचारतात. पोतं विकत घेतल्याने क्रेडिट मिळत नाही. त्याला मोजणी, नोंदी आणि प्रमाणपत्र लागतं. त्या नावाखाली कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

पोतं फोडताना तोंडाला रुमाल बांधा आणि आधी पाणी शिंपडा, भुकटी छातीत जाते. साठा चुलीपासून, कडब्यापासून लांब ठेवा.