शेंदराखालचा वासुदेव

मध्य प्रदेशात विदिशेजवळच्या बेसनगरला एक उंच दगडी खांब आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पुजत आणि शेंदूर फासत. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो पाहिला, पण शेंदराच्या थराखालचा लेख त्यांना दिसलाच नाही. १९०९च्या सुमारास थर निघाला आणि ब्राह्मी अक्षरं उघडी पडली.

देवदेव वासुदेवाचा, म्हणजे कृष्णाचा, हा गरुडध्वज तक्षशिलेच्या दिओनचा मुलगा हेलिओदोर याने उभारला, असं त्यात प्राकृतात कोरलं आहे. हेलिओदोर हा ग्रीक राजा अँटिअल्किडसचा दूत, भागभद्र राजाच्या दरबारी आलेला. काळ इ.स.पू. ११०च्या आसपासचा. परदेशातून आलेला हा माणूस स्वतःला ‘भागवत’, म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवतो! त्या काळी वासुदेवाची भक्ती जन्माच्या कुंपणात अडकलेली नव्हती, याचा याहून थेट पुरावा मला तरी माहीत नाही.

पण हेलिओदोर काही पहिला भक्त नव्हे. १९६३ ते ६५च्या उत्खननात खांबाशेजारी त्याच्याही आधीच्या लंबवर्तुळाकार देवळाचा पाया सापडला. शिवाय अफगाणिस्तानातल्या आय-खानूमला १९७० साली अगाथोक्लीस या ग्रीक राजाची नाणी मिळाली. ती इ.स.पू. १८०च्या सुमाराची. एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम. दुसरीकडे चक्रधारी वासुदेव. एकीकडे ग्रीक अक्षरं, दुसरीकडे ब्राह्मी. राजाने नाण्यावर कोरावेत इतका या दोघा भावांचा मान होता.

आपल्याकडचा पुरावा जुन्नरजवळ नाणेघाटात आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या लेण्यातला लेख साधारण इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्याच्या आरंभीच्या नमनात धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल येतात. संकर्षणाचं नाव वासुदेवाच्या आधी आहे, आणि राजस्थानातल्या घोसुंडीच्या लेखातही तसंच. थोरल्या भावाचं नाव आधी, हा घरातला रिवाज देवांनाही लागू होता, असं मला वाटतं.

नमन झाल्यावर हाच लेख अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती मोजत जातो. नव्या भक्तीने जुना यज्ञ मोडीत काढला, असं अनेकदा सांगितलं जातं. नागनिकेच्या घरी मात्र दोन्ही एकत्र नांदत होते.