सातबाऱ्यात खापरपणजोबा शोधू नका, फेरफार वाचा

वंशावळ करायला बसलेला माणूस पहिली धाव सातबाऱ्याकडे घेतो. चार-सहा नावं दिसतात, त्यातलं सगळ्यात वरचं नाव मूळ पुरुषाचं धरून झाड काढून मोकळा होतो. सातबाऱ्याचा फोटो पाठवून "यावरून खापरपणजोबा सांगा" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

सातबारा सगळ्यांच्या घरात असतो, तेव्हा थोडक्यात: गाव नमुना 7 म्हणजे जमीन कुणाच्या नावावर, 12 म्हणजे पीकपाणी. फेरफार म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, गाव नमुना 6. दोन्ही तलाठी दप्तरातले, दोन्हींची नक्कल मिळते, जुने स्कॅन केलेले कागद 'आपले अभिलेख'वर सापडू शकतात. (मराठवाडा 1948 पर्यंत निजामाकडे होता, तिथलं जुनं दप्तर वेगळं. इथे मी जुन्या मुंबई इलाख्याबद्दल बोलतोय.)

खरी मेख पुढे आहे. सातबारा फक्त त्या घडीला नाव कुणाचं हे सांगतो. ते नाव कसं लागलं, हे फेरफार सांगतो: वारसाने, खरेदीने, वाटपाने की कूळ म्हणून. समजा 1950 च्या सातबाऱ्यावर एक नाव आहे आणि 1965 च्या सातबाऱ्यावर तुमच्या आजोबांचं. लोक बिनदिक्कत बाप-लेक जोडतात. मधला फेरफार काढला तर कळतं, कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून आजोबा मालक मानले गेले, आणि वरचं नाव सावकाराचं! आडनाव एकच असेल तर हा घोळ पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला आकडा सोडू नका. तो फेरफार क्रमांक. तो फेरफार काढा, "अमुक हे मयत, त्यांस वारस मुलगे..." असा मजकूर वाचा, मग त्या मयताचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो शोधा. असं मागे मागे जायचं. सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहिताना कंस झालेली, म्हणजे कमी केलेली, नावं गळायची, फेरफार नोंदवहीत ती राहतात. नोंदीखालचा अधिकाऱ्याचा शेरा मात्र वाचाच. नामंजूर झालेला फेरफार छातीठोकपणे पुरावा म्हणून मिरवणारे कमी नाहीत.

नावापुढची अक्षरंही वाचा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: थोरल्या भावाचं नाव लागलं, धाकटे कागदावर नाहीत, म्हणून ते नव्हतेच असं नाही. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारा; पालनकर्ती आई असते तशी चुलता किंवा मामाही असतो. त्याला डोळे झाकून बाप ठरवू नका. आणि 1956 च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदीत मुली दिसल्या नाहीत, तर "त्यांना मुलीच नव्हत्या" हे कृपा करून लिहू नका.

फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, हेही कितीदा सांगायचं? हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी, म्हणजे खबर, द्यावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कर्ज काढायची किंवा विकायची वेळ येईपर्यंत वारस लागत नाहीत. दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज पडतं. मजकुरात मयत तारीख असली तरी ती वर्दी देणाऱ्याने आठवून सांगितलेली. तारखेसाठी माझा भरवसा कोतवाल बुकावर, म्हणजे गावाच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीवर, गाव नमुना 14 वर.

ते मिळालं नाही तर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातली निधनवार्ता बघा. "पश्चात दोन मुलगे, तीन मुली असा परिवार आहे" यात नावं नसतात, पण फेरफारात गाळलेल्या मुलींचा आकडा तिथे हाती लागतो. "सोमवारी निधन झाले" असं छापलं असेल तर अंकाची तारीख बघून मागचा सोमवार मोजा. अंकाचीच तारीख उचलू नका.