हिरवळीला हवा असतो वाफसा

पाणी साचते तेथे वाळू टाकावी, या सार्वत्रिक समजुतीने कोल्हापुरातील एका परिचितांनी मे महिन्यात आपल्या बंगल्यापुढील हिरवळीवर ट्रॉलीभर वाळू पसरली. आषाढात पाणी पूर्वीइतकेच साचले. फाटकाजवळ, जेथे दुचाकी उभ्या राहतात, तेथील हरळी पिवळी पडून विरळ झाली आणि मोकळ्या जागेत लव्हाळ्याने व शेवाळाने बस्तान बसवले. घरातील ज्येष्ठांनी बागेला दृष्ट लागल्याचे ठरवून फाटकाला लिंबू-मिरची बांधली.

त्या जागी लोखंडी पाइपचा तुकडा ठोकून आम्ही मातीची एक कांडी बाहेर काढली, तेव्हा वाळूखालचा सुमारे दोन इंचांचा थर साबणाच्या वडीसारखा घट्ट व गुळगुळीत निघाला. मुळे त्यात न शिरता वरच्या वर आडवी पसरली होती. त्याखालची माती मात्र बोटाने सहज फुटत होती.

पायाखाली किंवा चाकाखाली माती दबते तेव्हा तिच्यातील मोठी छिद्रे आधी मिटतात, आणि सारा घोटाळा तेथेच आहे. 1840च्या सुमारास प्वाझेय या फ्रेंच वैद्याने रक्तप्रवाहाच्या कुतूहलातून बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून दाखवले की, दाब सारखाच असेल तर नळीतून वाहणारे पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे 1 मिलिमीटर व्यासाच्या छिद्राच्या जागी 0.1 मिलिमीटरचे छिद्र आले, तर प्रवाह दहापट नव्हे, दहा हजारपट घटतो. तेवढ्याच क्षेत्रफळात अशी शंभर बारीक छिद्रे मावतात हे धरले, तरी एकूण प्रवाह शंभरावा हिस्साच उरतो. शिवाय केशाकर्षणामुळे 1 मिलिमीटरची नळी सुमारे 3 सेंटिमीटर उंचीचे पाणी धरून ठेवते, तर 0.1 मिलिमीटरची नळी 30 सेंटिमीटरचे. त्यामुळे दबलेली माती पाणी सावकाश घेते आणि घेतलेले सोडतही नाही. वर टाकलेली वाळू या थराला वाट करून देत नाही, फक्त त्याच्यावर बसते.

पाण्याने भरलेल्या छिद्रांत हवेला जागा नसते. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतक्या वेगाने पाण्यात पसरतो, आणि मुळांनाही श्वसन करावे लागते. छिद्रांत पाणी आणि हवा दोन्ही नांदतात त्या अवस्थेला आपला शेतकरी वाफसा म्हणतो. पैलवान तालमीतला हौदा फावड्याने उकरतात, तेही दबलेली माती मोकळी करण्यासाठीच. हिरवळ उकरता येत नाही, म्हणून तिला भोके पाडावी लागतात.

पहारीने पाडलेले भोक फसवे असते, कारण पहार माती बाहेर न काढता बाजूला दाबते. धार लावलेली पोकळ नळी हवी. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये ती सहज करून मिळेल. दीड सेंटिमीटर व्यासाची, 8 सेंटिमीटर खोल भोके दर 10 सेंटिमीटरवर पाडली, तर चौरस मीटरला शंभर भोके होतात. ती जेमतेम पावणेदोन टक्के जागा व्यापतात, पण भोकांच्या भिंती धरून मातीची उघडी बाजू एक तृतीयांशाहून अधिक वाढते. घट्ट थर भेदून भोक खालच्या मोकळ्या मातीपर्यंत पोचणे मात्र आवश्यक आहे. खाली खोलवर काळी माती असेल तर ती भिजून फुगते, भोके मिटतात किंवा पाण्याने भरलेल्या कुंड्या होतात. तेथे आधी उतार आणि चर हवेत.

माती मोकळी करणारी म्हणून विकली जाणारी बाटलीतील द्रावणे चाकाखाली दबलेल्या थराला भोक पाडत नाहीत. जिप्सम खरोखर उपयोगी पडते ते चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या जमिनीत, जेथे त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते.

हे काम वळवाची एखादी सर पडून गेल्यावर, वाफसा आला की करावे. चिखलात नळी भिंती लिंपून टाकते आणि कोरड्या मातीत ती शिरत नाही. भोकांत चाळलेले शेणखत आणि जाड वाळू भरावी, म्हणजे ट्रॉलीतली उरलेली वाळू येथे कामी येते. निघालेल्या कांड्या हिरवळीवरच सुकू द्याव्यात. पुढच्या सरीत त्या आपोआप विरतात. फाटकाजवळ मात्र दुचाकींपुरती फरशी घालावी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेथे पुन्हा साबणाची वडी तयार होईल.